ससाणा एकाच्या मुठीवर, नाव दुसऱ्याचं

१५७५ साली लंडनमध्ये शिकारीवरचं एक पुस्तक निघालं, 'द नोबल आर्ट ऑफ व्हेनरी'. त्यात लाकडी ठशांनी छापलेली चित्रं आहेत. एका चित्रात राणी एलिझाबेथ रानात उभी आहे आणि तिच्यापुढे एक शिकारी गुडघे टेकून तिला काहीतरी दाखवतोय. ते काहीतरी म्हणजे हरणाच्या लेंड्या. पहाटे उठून, कुत्र्याला घेऊन रान पालथं घालून त्यानं त्या गोळा केलेल्या आहेत, आपल्या शिंगात भरून, वर गवताचा बोळा कोंबून आणलेल्या आहेत. आता त्या पानांवर पसरून तो सांगणार, नर केवढा आहे, वयानं किती, अंगानं भरलेला आहे की रोडावलेला. त्याच्या सांगण्यावरून राणी ठरवणार, आज कुत्रे कुठल्या हरणामागे सोडायचे. दुसऱ्या एका चित्रात हरीण मरून उताणं पडलंय आणि तसाच एक माणूस तसाच गुडघ्यावर बसून राणीपुढे सुरी धरतोय. पहिला काप मानाचा, तो तिनं घ्यायचा.

१६११ साली पुस्तक पुन्हा छापायला घेतलं तेव्हा राणीला जाऊन आठ वर्षं झाली होती. गादीवर पहिला जेम्स होता, आणि त्याला तर शिकारीचं वेडच. आता त्याच्या राज्यात पुस्तकात जुनी राणी कशी चालेल? छापणाऱ्यांनी नवे ठसे कोरण्याचा खर्च वाचवला. जुन्या ठशातली एलिझाबेथ तेवढी कापून काढली आणि त्या भोकात जेम्स बसवला. झाडं तीच, कुत्रे तेच, पडलेलं हरीण तेच. गुडघे टेकलेला माणूसही तोच.

ही दोन चित्रं मी स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून अनेकदा पाहिली आहेत. शिकार आणि ससाणेपालनावरची जुनी इंग्रजी पुस्तकं वाचायचा मला नाद लागला, त्याला कारण राजेराण्या नव्हेत. मी शिकार केलेली नाही, करणार नाही, कायद्यानं करताही येणार नाही. मला त्या गुडघे टेकलेल्या माणसाचं कुतूहल आहे. या पुस्तकांत जे काही खरं, उपयोगाचं आणि आजही टिकलेलं ज्ञान आहे ते बहुतेक त्याचं आहे. मुखपृष्ठावर मात्र तो कधीच नाही.

आता हेच पुस्तक घ्या. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. त्याच वर्षी जॉर्ज टर्बर्व्हिल या कवीचं 'द बुक ऑफ फॉकनरी' निघालं होतं, आणि दोन्ही पुस्तकं बऱ्याचदा एकाच बांधणीत विकली जात. म्हणून शतकानुशतकं शिकारीचं पुस्तकही टर्बर्व्हिलच्याच खात्यावर जमा होत राहिलं. विसाव्या शतकात अभ्यासकांनी दाखवून दिलं की ते जॉर्ज गॅस्कॉइनचं, म्हणजे दुसऱ्याच कवीचं. पण त्याचं तरी कितपत? मुळात ते झाक द्यु फुयू या फ्रेंच शिकाऱ्याच्या पुस्तकाचं भाषांतर, आणि टर्बर्व्हिलनंही आपलं पुस्तक इटालियन आणि फ्रेंच ग्रंथांतून वेचून केलं. तेव्हा कुणी त्याला चोरी म्हणत नव्हतं. जुनं, परदेशी, आणि शक्य तर एखाद्या राजाच्या नावाचं असलं की ज्ञानाला वजन येई. (आपल्याकडेही 'प्राचीन ऋषींनी सांगितलंय' म्हटलं की अर्धं काम होतंच.)

गॅस्कॉइनच्या या पुस्तकात एक विलक्षण गोष्ट आहे. कुत्रे कसे सोडावेत, हरणाला कसं कोंडावं, आतडी कुणाला द्यावीत, अशी पानामागून पानं चालू असताना मध्येच कविता येते आणि ती प्राणी बोलतो. हरीण बोलतं, ससा बोलतो, कोल्हा आणि पाणमांजरही बोलतात. ससा माणसाला विचारतो की मला मारून तुला मिळतं तरी काय. पाणमांजर म्हणतं की माझ्या खादाडपणाला नावं ठेवणाऱ्यानं आधी स्वतःचं ताट बघावं. आणि कविता संपली की पुढच्या पानावर पुन्हा पाणमांजर मारायच्या सूचना सुरू. गॅस्कॉइनला यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही. मला वाटतं, पोटासाठी लिहिणाऱ्या कवीनं भाषांतराच्या हमालीत स्वतःची गंमत करून घेतली असावी.

याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं 'द बुक ऑफ सेंट अल्बन्स' हे या सगळ्या कुळाचं मूळपुस्तक. १४८६ सालचं. ज्यानं छापलं त्याचंही नाव ठाऊक नाही, इतिहासात तो 'शाळामास्तर मुद्रक' म्हणूनच ओळखला जातो. त्यात ससाणे, शिकार आणि घराण्यांची मानचिन्हं असे विषय आहेत. ती मानचिन्हं रंगीत छापली आहेत, आणि इंग्लंडमधली रंगीत छपाई तिथूनच सुरू झाली असं मानतात. शिकारीच्या भागाच्या शेवटी ज्युलियान्स बार्न्स असं एका बाईचं नाव येतं. एवढ्या धाग्यावर पुढच्या लोकांनी तिचं अख्खं चरित्र विणलं. ती सोपवेल मठाची मुख्य होती, सरदारकन्या होती, रूपवती होती. १८८१ मध्ये विल्यम ब्लेड्स या मुद्रणाच्या अभ्यासकानं पुस्तकाची हुबेहूब आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत हे चरित्र शांतपणे उसवून टाकलं. मठाच्या नोंदींत अशी कुणी मुख्य सापडत नाही. खुद्द मजकूरही पुष्कळसा जुन्या हस्तलिखितांतून आलेला.

याच पुस्तकातली एक यादी आज इंटरनेटवर सगळीकडे फिरते, कुणी कुठला पक्षी बाळगावा याची. सम्राटाला गरुड, राजाला गीरफाल्कन, अर्लला बहिरी ससाणा, उमराव स्त्रीला मर्लिन, शेतकऱ्याला गॉसहॉक, पाद्र्याला स्पॅरोहॉक. लोक ती मध्ययुगीन कायदा म्हणून पुढे पाठवतात. कायदा-बियदा काही नव्हता. त्या यादीत सम्राटाच्या वाट्याला गिधाडही दिलेलं आहे. मुठीवर गिधाड घेऊन शिकारीला निघालेला सम्राट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती यादी ज्यानं कधी पक्षी हातावर घेतला नाही अशा कुणीतरी लिहिली, किंवा दिवाणखान्यात टाळ्या मिळवण्यासाठी लिहिली, हे लक्षात येईल.

ज्यांनी खरोखर पक्षी हातावर घेतले त्यांची पानं लगेच ओळखू येतात. तिथे दर्जा, रुबाब, घराणं या गोष्टी मागे पडतात आणि उवा, शिटा, तुटकी पिसं, फुटलेली नखं पुढे येतात. ससाण्याच्या शेपटीचं किंवा पंखाचं पीस मोडलं तर ते पुढच्या वर्षी पिसं झडेपर्यंत तसंच राहतं आणि पक्षी नीट उडू शकत नाही. त्यावरचा उपाय टर्बर्व्हिलकडे सविस्तर आहे. गेल्या वर्षी झडलेली पिसं जपून ठेवलेली असतात. त्यातलं त्याच जागेचं पीस निवडायचं, मोडक्या पिसाचा बुंधा तिरपा कापायचा आणि नवं त्याला जुळेल असं कापायचं. मग धारेच्या कडा असलेली बारीक लोखंडी सुई शिरक्यात आणि मिठाच्या पाण्यात भिजवून अर्धी या पिसात, अर्धी त्या पिसात सरकवायची. सुई आत गंजते आणि गंजामुळेच घट्ट धरून बसते. पक्षी पुन्हा पूर्वीसारखा उडतो. ज्यानं हे पहिल्यांदा करून पाहिलं त्याला लोखंड, मीठ आणि पीस या तिन्हींची नीट ओळख होती. तो राजा नसावा एवढं नक्की.

औषधांचं प्रकरण मात्र अजब आहे. ऊ झाली तर मिऱ्याच्या पाण्यानं पक्ष्याला आंघोळ. म्हणजे मलबारचे मिरे जहाजांतून निम्मं जग ओलांडून इंग्लंडात पोचायचे आणि तिथे ससाण्याच्या उवा मारायचे! पोटाच्या आणि आतल्या दुखापतीच्या तक्रारीवर ममीची पूड. होय, इजिप्तमधली ममी. औषधवाल्याकडे ती मिळायची आणि माणसांनाही दिली जायची. आधीच्या पानावरचा गंजलेल्या सुईचा चोख व्यवहार आणि पुढच्या पानावर ममी, हे दोन्ही एकाच विश्वासानं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्यानं आपापलं निवडावं.

इंग्रजीतली या विषयाची दोन खरी चांगली जुनी पुस्तकं त्यानंतरच्या शतकात, एकमेकांच्या पाच वर्षांच्या आगेमागे आली. सायमन लॅथमचं १६१४-१५ च्या सुमाराचं आणि एडमंड बर्टचं १६१९ चं. लॅथम लांब पंखांच्या ससाण्यांचा माणूस, बर्ट गॉसहॉकचा, म्हणजे आखूड पंखांच्या शिकारी पक्ष्याचा. दोघंही स्वतःला 'जंटलमन' म्हणवून घेतात, पण दोघांनी हातानं काम केलेलं आहे. लॅथम तर आपण कुणाकडे शिकलो त्या गुरूचं नावही घेतो, एव्हर्लीच्या हेन्री सॅडलरचं. मला त्यामुळेच लॅथमबद्दल आदर वाटतो. या सगळ्या साहित्यात असं कृतज्ञ नाव फार क्वचित सापडतं. बर्ट वेगळ्या जातीचा, तिरसट, शेखी मिरवणारा. तो सांगतो की एक गॉसहॉक मादी आणि एक नर मिळून मला शंभर मार्क आले, आणि दोन्ही एकाच माणसानं सोळा महिन्यांच्या आत घेतले. शंभर मार्क म्हणजे ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, त्या काळी मोठीच रक्कम. तो मुद्दाम सांगतो, कारण त्याला सिद्ध करायचंय की किंमत पक्ष्याला आली नव्हती, शिकवण्याला आली होती.

शिकवणं म्हणजे काय, तर मुख्यतः धीर आणि जागरण. नव्यानं पकडलेला पक्षी माणसाच्या हातावर बसायला घाबरतो, उलटा लटकतो, पंख फडफडवत राहतो. त्याला पुन्हा मुठीवर बसवायचं, पुन्हा लटकला की पुन्हा बसवायचं. रात्र रात्र झोपू द्यायचं नाही, म्हणजे स्वतःही झोपायचं नाही. शेवटी थकून, भुकेनं, पक्षी हातावर बसल्या बसल्या मांसाचा तुकडा घेतो. त्या क्षणापासून पुढचं सगळं. मारून काही उपयोग नाही. कुत्रा मार खाऊनही परत येतो, ससाणा एकदा चिडला की निघून जातो. ज्याला मालक व्हायची सवय आहे त्याला ही विद्या जड जाते, आणि मला वाटतं म्हणूनच दरबारी लोक हे काम नोकरांवर सोपवत. जेम्सचा मुख्य ससाणेदार सर टॉमस मॉन्सन हा मोठा असामी. घारीची शिकार करतील अशी गीरफाल्कनची एक जोडी तयार होईपर्यंत त्याचे हजार पौंड खर्च झाले, असं अँथनी वेल्डन हा त्या काळचा कुत्सित दरबारी लेखक लिहितो. ते हजार पौंड मॉन्सनचे. जागरणं कुणाची, हे वेल्डनला नोंदवावंसं वाटलेलं नाही.

शेक्सपिअरला मात्र हे सगळं ठाऊक होतं. 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकातला पेट्रुकिओ आपल्या बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देता वठणीवर आणायचा बेत सांगतो तो शब्दशः बाजदाराच्या पद्धतीनं. प्रेक्षक तेव्हा हसत असतील. मला ते भाषण आता वाचवत नाही, आणि बर्ट वाचल्यावर तर ते आणखीच कुरूप वाटतं. कारण बर्ट स्वतः पक्ष्याबरोबर जागतो आणि पेट्रुकिओ नुसता जागवतो.

बर्टच्या पुस्तकाची खरी परीक्षा तीनशे वर्षांनी झाली. टी. एच. व्हाइट हा इंग्रज लेखक १९३६ मध्ये शाळेतली नोकरी सोडून जंगलातल्या एका झोपडीवजा घरात राहायला गेला, जर्मनीहून एक गॉसहॉक मागवला, आणि बर्ट समोर ठेवून त्याला शिकवायला बसला. गुरू नाही, शेजारी जाणता माणूस नाही, मुख्य आधार १६१९ सालचं पुस्तक. तो पक्ष्याबरोबर रात्री जागला. मधल्या काळात वजन तोलून शिकवायच्या सौम्य पद्धती आल्या होत्या, त्या त्याला माहीतच नव्हत्या. तो कधी नको तितकं खाऊ घालायचा, कधी नको तितकं उपाशी ठेवायचा, आणि एक दिवस जुनी दोरी तुटून पक्षी उडून गेला तो गेलाच. व्हाइटनं ही फजिती लिहून ठेवली आणि १९५१ मध्ये 'द गॉसहॉक' नावानं छापली. पुस्तक अप्रतिम आहे. लिहिणारा बर्ट पक्का होता, वाचणारा व्हाइट अत्यंत बुद्धिमान होता, तरी मधल्या मधे ससाणा निसटला. कारण पक्षी किती भुकेला आहे हे छातीच्या हाडावर बोट ठेवून कळतं, आणि ते बोट कुणीतरी आधी धरून शिकवावं लागतं.

इंग्लंडमध्ये असं बोट धरणारे तोवर कधीच संपत आले होते. १६४२ नंतरची यादवी, मग उडत्या पक्ष्यावर छर्रे मारता येतील अशा बंदुका, मग मोकळी माळरानं कुंपणांत गेली. अठराव्या शतकात शिकारी मंडळी कोल्ह्यांमागे घोडे फेकू लागली. पीटर बेकफर्डचं १७८१ चं 'थॉट्स ऑन हंटिंग' हे त्या काळचं गाजलेलं पुस्तक, पत्रांच्या रूपात लिहिलेलं. भाषा छान, खेळकर. पण त्यात मला रमता येत नाही, फार सुखवस्तू पुस्तक आहे ते. ससाणे उरले ते चारदोन हौशी लोकांकडे, आणि त्यांना कामाला माणसं लागली की ती आणली जायची स्कॉटलंडातून किंवा हॉलंडमधून.

हॉलंडमधलं व्हाल्केन्सवार्ड हे त्या माणसांचं गाव. तिथल्या माळावरून दर शरद ऋतूत बहिरी ससाणे स्थलांतर करत जात, आणि गावातली घराणी पिढ्यान् पिढ्या ते पकडून युरोपभरच्या दरबारांना पुरवत. पकडायची त्यांची रीत मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. माळावर गवताच्या ढेकळांची एक बुटकी झोपडी, आत माणूस. बाहेर मातीच्या लहानशा उंचवट्यावर दोरीनं बांधलेला एक खाटीक पक्षी. आकाशात फार दूरवर, माणसाच्या नजरेला दिसणारही नाही इतक्या अंतरावर ससाणा आला की खाटीक अस्वस्थ होतो, त्या दिशेला वळून अंग आखडतो, ओरडतो. तो कसा वागतो त्यावरून जाणता माणूस ओळखतो की येणारा ससाणा आहे की गॉसहॉक की नुसतीच घार. मग दूरच्या खांबावरच्या दोरीनं कबुतर फडफडवायचं, ससाणा खाली यायला लागला की खाटकाला त्याच्या बिळात लपू द्यायचं, कबुतर जाळ्यापाशी ओढायचं आणि जाळं पाडायचं. खाटकाला मांस, निवारा आणि संरक्षण, सगळं मिळायचं. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं या पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'पहारेकरी' अशा अर्थाचं ठेवलं ते याच नजरेमुळे, येणारे शिकारी पक्षी हेरून तो लहान पाखरांना सावध करतो म्हणून. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पुस्तकवाल्यांना ही रीत सांगणारा माणूस आद्रियान मोलेन, त्या गावातल्या शेवटच्या घराण्यातला. त्याचं नाव निदान पुस्तकांत येतं, कारण तोवर त्याच्याशिवाय कुणाचंच पान हलत नव्हतं.

याच सुमाराला इंग्रजांना शोध लागला की ही विद्या जिवंत बघायची असेल तर पूर्वेकडे जायला हवं. तसा हा शोध सहाशे वर्षं जुना होता. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं लॅटिनमध्ये ससाण्यांवरचा सर्वोत्तम ग्रंथ लिहिला, आणि ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची चामडी टोपी आपण अरबांकडून घेतली हे त्यानं सरळ कबूल केलं. त्या ग्रंथाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला मात्र १९४३ उजाडलं. केसी वुड नावाच्या नेत्रतज्ज्ञानं आपल्या पुतणीबरोबर ते केलं, आणि छापून येण्याआधी वर्षभर तो वारला.

हिंदुस्थानातल्या ससाण्यांवरचं माझं लाडकं पुस्तक रिचर्ड बर्टनचं, 'फाल्कनरी इन द व्हॅली ऑफ द इंडस', १८५२. हा तोच बर्टन, पुढे मक्केला वेष बदलून गेलेला. तो कंपनीच्या मुंबई लष्करात होता, एकामागून एक भाषांच्या सरकारी परीक्षा द्यायचा त्याला छंद होता आणि त्यांत मराठीचीही परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. पुस्तक चिमुकलं, शंभरेक पानांचं. सिंधमध्ये मीर इब्राहिम खान तालपूर त्याला ससाण्यांच्या शिकारीला नेतो, त्याचं वर्णन. तालपूर घराण्याचं राज्य नुकतंच इंग्रजांनी घेतलेलं. ज्याचं राज्य घेतलं त्याच्याकडून पक्षी उडवायला शिकायचं आणि त्याच्यावरच तिरकस विनोद करायचे, हे बर्टनला अवघड वाटत नाही. मला वाचताना अवघड वाटतं, पण पुस्तक खाली ठेववत नाही. आणि शेवटी एक पुरवणी आहे, तिचा ससाण्यांशी काही संबंध नाही. आधीच्या पुस्तकांवर टीका झाली म्हणून चिडून त्यानं त्यात सांगून टाकलंय की आपण सिंधमध्ये मिर्झा अब्दुल्ला हे नाव घेऊन, बुशहरचा व्यापारी बनून, बाजारांत आणि घराघरांत कसे वावरत होतो. बर्टनचे चरित्रकार आजही तिथूनच उतारे घेतात.

बर्टन पाहुणा होता. डग्लस फिलट मुक्कामी होता. त्यानं १९०८ मध्ये 'बाजनामा-ए-नासिरी' हा फारसी ग्रंथ इंग्रजीत आणला. मूळ लेखक तैमूर मिर्झा, इराणच्या काजार घराण्यातला निर्वासित राजपुत्र, जो आयुष्यभर बगदादच्या आसपास पक्षी उडवत राहिला. हा अपवाद म्हणजे राजपुत्र असूनही हात मळवलेला. फिलटच्या तळटीपांत हिंदुस्थानी बाजदारांच्या रीती ठिकठिकाणी येतात, कारण फिलट स्वतः इथल्या लोकांबरोबर ससाणे उडवत असे. बाज म्हणजे गॉसहॉकची मादी आणि जुर्रा म्हणजे नर, शिक्रा हाताच्या पंज्यात धरून भाल्यासारखा फेकायचा आणि त्यासाठी त्याच्या गळ्याभोवती रेशमी दोर घालायचा, या गोष्टी अशाच वाटेनं इंग्रजांकडे गेल्या. इंग्रज ससाणेदारांनी हिंदुस्थानी टोपी उचलली, गळ्याचा दोर उचलला, आणि लाहोरची घुंगरंही उचलली. लाहोरी घुंगरांची जोडी मुद्दाम सारख्या सुराची करत नाहीत, एक थोडं वर लागतं. दोन सुरांच्या त्या घर्षणामुळे झुडपात बसलेला पक्षी दूरवरून ऐकू येतो. इंग्रजी पुस्तकांत 'लाहोरी घुंगरं' असं कौतुकानं लिहिलेलं असतं. घडवणारा कारागीर कोण, कुठल्या गल्लीतला, याचा पत्ता नाही.

हे सगळं इंग्रजांच्याच माथी मारायचं कारण नाही. आपलीही तीच तऱ्हा. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, ज्यात जुन्या मराठीतली गीतं सापडतात म्हणून आपण त्याचं नाव घेतो. त्यातच ससाण्यांच्या शिकारीचा 'श्येनविनोद' आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजसाठी श्रीगोंदेकरांनी तो ग्रंथ संपादित केला. कुमाऊँच्या रुद्रदेवाचं 'श्यैनिकशास्त्र' हरप्रसाद शास्त्रींनी १९१० मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापलं. दोन्ही ग्रंथांवर राजांची नावं. पक्षी पकडणारे, त्यांची शीट पाहून पोट ओळखणारे, ते श्लोकांच्या बाहेरच राहिले. कोल्हापूरच्या चित्त्यांचंही तेच. संस्थानात चित्ते शिकवून काळवीट धरायची परंपरा विसाव्या शतकात अगदी आफ्रिकेतून चित्ते आणवून चालू ठेवली गेली. फोटोंत महाराज असतात, पाहुणे साहेब असतात, आणि कडेला डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या चित्त्याची दोरी धरून उभा असलेला चित्तेवान असतो. फोटोखालच्या ओळीत चित्त्याचा उल्लेख येतो.

चित्रांवरून आठवलं. जुन्या हॉटेलांच्या, क्लबांच्या भिंतींवर हत्तीवरून वाघाची शिकार करणाऱ्या साहेबांची रंगीत चित्रं फ्रेम करून लावलेली दिसतात. त्यातली कितीतरी १८०७ च्या 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स'मधून फाडलेली किंवा त्यावरून पुन्हा छापलेली असतात. अख्ख्या पुस्तकापेक्षा सुट्या पानांना जास्त पैसे मिळतात म्हणून विक्रेते पुस्तकं सोडवून पानं विकतात, हा या धंद्यातला जुना रोग. मजकूर लिहिणारा टॉमस विल्यमसन बंगालमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला लष्करी अधिकारी होता. चित्रं सॅम्युअल हॉविट या इंग्लंडमधल्या चित्रकारानं विल्यमसनच्या रेखाटनांवरून तयार केली. हॉविटनं हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता. म्हणूनच त्यातले माहूत आणि हाकेवाले सगळे एकाच चेहऱ्याचे दिसत असावेत.

आता या विद्येचं पुढे काय झालं, तर जे झालं ते कुठल्याही लेखकाला सुचलं नसतं. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातले बहिरी ससाणे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपले. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड या प्राध्यापकानं १९७० मध्ये पेरेग्रिन फंड सुरू केला. केड स्वतः ससाणेदार. बंदिस्त जागेत पिल्लं तयार झाली, पण आईबापांशिवाय ती रानात सोडायची कशी? उत्तर जुन्या पुस्तकांत होतं. १८५९ साली फ्रीमन या पाद्र्यानं साल्विनबरोबर लिहिलेल्या पुस्तकातही ते मिळतं. पिल्लं उडायच्या आधीच उंचावरच्या पेटीत ठेवायची, माणूस दिसू न देता खाऊ घालायचं, मग पेटी उघडायची. ती हिंडतात, खायला परत येतात, आणि हळूहळू स्वतः शिकार करू लागतात. जुने ससाणेदार त्या टप्प्याला त्यांना पुन्हा पकडत. केडच्या लोकांनी पकडलं नाही, एवढाच फरक. चार हजारांहून जास्त ससाणे असे सोडले गेले आणि १९९९ मध्ये बहिरी ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. त्याच संस्थेनं आयडाहोमधल्या बॉइझी गावात ससाणेपालनाच्या जुन्या पुस्तकांचं आणि साधनांचं मोठं संग्रहालय उभं केलंय, आणि तिथे पुस्तकांइतकाच मान टोप्यांना आणि घुंगरांना आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससाणे पाळणं बंद झालं, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा अजून घरटी करतो, त्याला टोपी नसलेलीच बरी. हळहळ आहे ती भावनगरसारख्या संस्थानांतल्या बाजदारांची, ज्यांच्याकडे स्वातंत्र्यापर्यंत ही कला पूर्ण शाबूत होती. त्यांना बसवून, विचारून, त्यांच्या नावानिशी लिहून घेणारा कुणी हवा होता. टेपरेकॉर्डर तेव्हा आलेले होते.

कुणाला वाचायचंच असेल तर सांगतो. यातली बरीचशी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. सतराव्या शतकातल्या छपाईत 'स' चं अक्षर 'फ' सारखं दिसतं, पहिली दहा पानं चिडचिड होते, मग सवय लागते. सुरुवात बर्टननं करा, आणि पुरवणी चुकवू नका. मग बर्ट घ्या, पण व्हाइटच्या आधी, नंतर नको. फिलटचा बाजनामा वाचताना मजकूर भराभर गेला तरी चालेल, तळटीपा मात्र सावकाश वाचा. बेकफर्ड राहिला तरी काही बिघडत नाही.